आधी मोजे काढा, मग फोटो

(रौप्यमहोत्सवी वर्षानिमित्त सोसायटीच्या ज्येष्ठ सभासदांची एक दिवसाची सहल लोहगडवाडी येथे गेली होती. त्या वेळी केलेले भाषण. स्मरणिकेसाठी थोडी काटछाट केली आहे, बोलण्याची ढब तशीच ठेवली आहे.)



समितीने मला 'ज्येष्ठांचे आरोग्य' हा विषय दिला. तो माझ्या आवाक्याबाहेरचा आहे. मी डॉक्टर नाही. ३६ वर्षे राष्ट्रीयीकृत बँकेत काढली, त्यातली बरीचशी कर्ज खात्यात. म्हणून विषयाचा एकच तुकडा घेतो, आणि तोही अशासाठी की तो येत्या सर्वसाधारण सभेपुढे येणार आहे.

आपल्या कमिटीकडे एका तपासणी केंद्राचे पत्र आले आहे. सोसायटीतल्या ४० ज्येष्ठांनी नावे दिली तर हृदयाचा सीटी स्कॅन, मानेच्या धमन्यांची डॉपलर आणि रक्ताच्या तपासण्या असे सगळे मिळून 'पॅकेज' सवलतीत मिळेल. निम्मा खर्च महोत्सव निधीतून करावा अशी सूचना आहे. सूचना चांगल्या मनाने आलेली आहे, कारण गेल्या दोन वर्षांत आपल्या तिन्ही इमारतींतून माणसं अचानक गेली. तरीही माझं मत आत्ताच सांगून टाकतो. माझा विरोध या पॅकेजला आहे, मशीनला नाही. आता कारणं ऐका.

या वाडीशी माझी ओळख जुनी आहे. १९८० नंतर आयआरडीपी योजना जोरात होती. गरीब कुटुंबाला म्हैस नाहीतर शेळ्या घ्यायला बँकेचं कर्ज आणि त्यावर सरकारी अनुदान. मी तेव्हा मावळातल्या एका शाखेत होतो. मळवलीला लोकलमधून उतरायचं, भाजे गावातून चढ धरायचा, गायमुख खिंडीत घटकाभर टेकायचं आणि इकडे यायचं. कशाला, तर म्हैस बघायला. फायलीत म्हैस असायचीच. विम्याच्या बिल्ल्याचा नंबर असायचा, दावणीला बांधलेल्या म्हशीचा फोटोही असायचा. पण तीच म्हैस कालपर्यंत दुसऱ्याच्या दावणीला होती का, हे फोटोत दिसत नाही. (या वाडीत तसं कधी झालं नाही, उगाच गैरसमज नको. दुसरीकडे झालेलं पाहिलं आहे.) फोटो खराच असायचा. पण आम्हाला हवं होतं ते उत्तर त्यात नसायचं. त्यासाठी गोठ्यात जावं लागे आणि शेजाऱ्याला चार प्रश्न विचारावे लागत. धमन्यांच्या फोटोचंही बरंचसं असंच आहे.

धमनी म्हणजे हृदयाकडून रक्त घेऊन जाणारी वाहिनी. शाळेत आपण रोहिणी म्हणत होतो. तिच्या भिंतीत वर्षानुवर्षे चरबी साठते, सूज येते, पुढे त्यावर कॅल्शियम बसतं. नळाला क्षार धरतात ही उपमा सगळे देतात, ती अर्धीच खरी आहे. क्षार नळाच्या पोकळीत बसतो. धमनीतला थर भिंतीच्या आत असतो, आणि बरेच दिवस भिंत बाहेरच्या अंगाला फुगून आतली वाट मोकळी ठेवते. म्हणून रोग असतो पण त्रास नसतो. आणि कधी लहानसाच थर फुटतो, त्यावर रक्ताची गुठळी धरते आणि घटकाभरात वाट बंद होते.

हे सगळं आजच्या वडापाव-पिझ्झ्याचं पाप आहे असं म्हणायची पद्धत आहे. २०१३ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात एक अभ्यास आला. इजिप्त, पेरू आणि उत्तर अमेरिकेतल्या दोन ठिकाणच्या मिळून १३७ ममींचे सीटी स्कॅन केले होते. त्यातल्या ४७ जणांच्या धमन्यांत हा रोग असल्याच्या खुणा सापडल्या. त्यांत राजघराण्यातले होते तसे शिकार करून जगणारेही होते. उलट २०१७ साली त्याच नियतकालिकात बोलिव्हियाच्या जंगलातल्या चिमाने लोकांचा अभ्यास आला. ७०५ प्रौढ माणसांना गावातून शहरात आणून सीटी स्कॅन केला. १०० पैकी ८५ जणांच्या हृदयाच्या धमन्यांत कॅल्शियमचा ठिपकाही नव्हता, आणि पंचाहत्तरीच्या पुढच्यांतही सुमारे दोन-तृतीयांश लोक तसेच होते. दिवसभर चालणं, शेती, मासेमारी, शिकार. म्हणजे म्हातारपण आलं की धमनी खराब होणारच असंही नाही आणि जुन्या काळी ती खराब होतच नव्हती असंही नाही. आज सकाळी गडाच्या पायऱ्यांवर डोक्यावर पाण्याच्या बाटल्यांचं खोकं घेऊन चढणाऱ्या मावशी आपल्या पुढे निघून गेल्या, तेव्हा मला हे चिमाने आठवले.

फोटो काढायची हौस फार जुनी आहे. राँटजेनने १८९५ च्या नोव्हेंबरात क्ष-किरण शोधले आणि १८९६ च्या जानेवारीत व्हिएन्नात एका मृत हाताच्या रक्तवाहिन्यांत खडूचं मिश्रण भरून तिचा फोटो काढलासुद्धा. जाता जाता सांगतो, आपलं लोणावळंही यात मागे नव्हतं. १९२४ साली तिथे कैवल्यधाम स्थापन करणाऱ्या स्वामी कुवलयानंदांनी त्याच सुमारास उड्डियान आणि नौली करणाऱ्याच्या पोटात काय होतं हे बडोद्याच्या रुग्णालयात क्ष-किरणांखाली पाहिलं होतं. त्यांचा प्रश्न पक्का होता, पोटातला दाब कसा बदलतो एवढाच.

आता डॉपलर. हे समजायला मळवली स्टेशनसारखी जागा नाही. लोकलची वाट बघत उभे राहा. न थांबणारी एक्स्प्रेस हॉर्न देत येते तेव्हा आवाज चढा असतो, पुढे निघून गेली की एकदम उतरतो. हॉर्न तोच, गाडी आपल्याकडे येते की लांब जाते यावर स्वर बदलतो. डॉपलरने हे १८४२ साली मांडलं आणि १८४५ साली हॉलंडमध्ये आगगाडीवर तुतारीवाले बसवून लोकांनी ते तपासून पाहिलं. दवाखान्यात गाडीच्या जागी आपले रक्तकण असतात. मशीन ऐकू न येणारा आवाज आत सोडतं, तो रक्तकणांवर आपटून परत येतो आणि त्याच्या बदललेल्या स्वरावरून रक्ताचा वेग कळतो. बागेतल्या पाइपाचं तोंड अंगठ्याने दाबलं की पाणी जोरात उडतं. धमनी जिथे अरुंद, तिथे रक्ताचा वेग जास्त. मानेच्या मुख्य धमनीत हा वेग सेकंदाला १२५ सेंटिमीटरच्या वर गेला तर निम्म्याहून जास्त अडथळा धरतात, २३० च्या वर गेला तर ७० टक्क्यांहून जास्त. सुई नाही, किरण नाहीत. माझ्या मते सगळ्यांत सज्जन तपासणी हीच.

सज्जन असली तरी ती कोणाची, कुठे आणि का करायची, हा प्रश्न उरतोच. त्यासाठी आमच्या दाजींची हकीकत सांगतो. त्यांची परवानगी घेतली आहे.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पवन मावळात भातशेती. ४० वर्षे बिड्या, आणि साठीनंतर साखर लागली. सहा-सात वर्षांपूर्वी त्यांच्या बोलण्यात यायला लागलं की एसटीतून उतरून घरी जाताना चढावर डावी पोटरी भरून येते. मग रस्त्याकडेच्या एका दगडावर बसायचं. दोन-तीन मिनिटं बसलं की एकदम बरं. पुन्हा तेवढंच अंतर चाललं की पुन्हा पोटरी धरायची. तो दगड गावात 'दाजींची खुर्ची' म्हणून प्रसिद्ध झाला, इतकं ते नियमित होतं. लोक हसायचे, दाजीही हसायचे.

एका डॉक्टरांनी वय झालं म्हणून गुडघ्याचा एक्स-रे काढला. गुडघे झिजलेले दिसले. सत्तरीच्या शेतकऱ्याचे गुडघे झिजलेलेच असणार. तेल, गोळ्या, पट्टा. वर्षाने दुसऱ्या ठिकाणी कमरेचा एमआरआय झाला. त्यात मणक्यातली गादी सरकलेली दिसली. तीही त्या वयात निम्म्या लोकांची दिसते. कमरेला पट्टा, ट्रॅक्शन. खर्च किती झाला ते सोडून देतो. दोन्ही फोटो खरे होते, रिपोर्टमधला शब्द न् शब्द खरा होता. पण दोन वर्षांत कोणी त्यांच्या पायातली चप्पल काढून पाऊल हातात घेतलं नव्हतं. कोणी विचारलंही नव्हतं की दाजी, उभं राहिलं तरी बरं वाटतं का बसावंच लागतं? मणक्याचं दुखणं बहुधा बसल्यावर, वाकल्यावर उतरतं. धमनीचं दुखणं नुसतं थांबल्यावर उतरतं. दाजी नंतर सांगायचे, दगड होता म्हणून बसत होतो, उभा राहिलो असतो तरी चाललं असतं.

मग एका पावसाळ्यात चपलेचा अंगठा लागून बोटाला जखम झाली. ती महिना झाला तरी भरेना. बोट काळं पडायला लागलं, रात्री पाय दुखून झोप नाही, पाय खाटेखाली लोंबता सोडला की थोडं बरं. तेव्हा ताई त्यांना घेऊन माझ्याकडे आली. शहरातल्या एका रुग्णालयात एक तरुण डॉक्टरीण होती, मुलीच्या वयाची. तिने आधी दोन्ही पाय उघडे करायला सांगितले. पावलाच्या वरच्या बाजूला आणि घोट्याच्या आतल्या बाजूला बोटं ठेवली, बराच वेळ ठेवली, आणि म्हणाली, "आजोबा, या पायाची नाडी लागत नाहीये." दोन वर्षांत निदान झालं नव्हतं ते दोन मिनिटांत झालं, आणि तेही बोटांनी.

पुढे मग मशीनची कामं सुरू झाली, आणि ती इतकी चोख झाली की मशीनबद्दल माझा आदर वाढला. डॉपलरने सांगितलं की मांडीतल्या धमनीत रक्त जवळजवळ जात नाही. रंगद्रव्य टोचून सीटी अँजिओग्राफी झाली, तिने अडथळा किती लांब आहे आणि खाली पोटरीतल्या तीन धमन्यांपैकी कोणती शाबूत आहे ते नकाशासारखं दाखवलं. त्या नकाशावरून जांघेतून तार घालून फुगा फुगवला. दोन बोटं गेली. पाय राहिला. दाजी आज काठी घेऊन शेतावर जातात. बिडी सुटली, ती मात्र कोणाच्या सांगण्याने नाही, काळी बोटं बघून.

तिथेच मला घोट्याच्या दाबाची तपासणी कळली. बीपीचा पट्टा दंडाला बांधतात तसाच घोट्याच्या वर बांधायचा आणि लहानशा डॉपलर यंत्राने पावलाच्या नाडीचा आवाज ऐकून दाब मोजायचा. घोट्याचा दाब भागिले दंडाचा दाब. निरोगी माणसात उत्तर १ च्या आसपास किंवा थोडं वर येतं. ०.९ किंवा त्याखाली आलं की पायाच्या धमन्यांत अडथळा आहे असं समजतात. दाजींचं ०.५ च्या खाली होतं. बँकेत आम्ही कर्ज देताना असलीच गुणोत्तरं काढायचो, त्यामुळे मला ही तपासणी फार आवडली. पण गुणोत्तरालाही फसवता येतं. साखरेच्या जुन्या रुग्णांत धमनी कॅल्शियमने इतकी कडक होते की पट्ट्याने दबतच नाही, आणि उत्तर १.४ च्या वर येतं. तो आकडा चांगला समजायचा नाही. अशा वेळी पायाच्या अंगठ्याचा दाब मोजतात.

आता पॅकेजमधला सीटी. त्यात कॅल्शियम स्कोअर काढणार आहेत. रंगद्रव्य लागत नाही, काही मिनिटांचं काम, किरणही थोडे, साधारण १ मिलिसिव्हर्ट. आपल्याला निसर्गातूनच वर्षाला त्याच्या दुपटीहून थोडे जास्त मिळतात. हृदयाच्या धमन्यांतलं कॅल्शियम मोजून एक आकडा देतात. १९९० साली अ‍ॅगॅटस्टन या डॉक्टरांनी ही पद्धत मांडली. शून्य म्हणजे उत्तम, १०० च्या वर म्हणजे लक्ष द्या, ४०० च्या वर म्हणजे बराच रोग. पन्नाशीतल्या माणसाला कोलेस्टेरॉलची गोळी सुरू करावी की नाही असा खरोखर प्रश्न असेल तेव्हा हा आकडा फार उपयोगी पडतो. मी माझ्या डॉक्टरांना विचारलं, मी करून घेऊ का? ते म्हणाले, "तुम्ही ७४ वर्षांचे. गोळी दहा वर्षांपासून घेताय. आकडा ५० आला तरी गोळी चालू, ५०० आला तरी गोळी चालू. मग मोजून करणार काय?" शिवाय त्या गोळीनेच मऊ थर कडक होऊन आकडा वाढू शकतो, म्हणजे औषध लागू पडतंय आणि घरात रडारड.

आपल्या वयाच्या लोकांची आणखी एक अडचण आहे. सीटीमध्ये कॅल्शियमचा पांढरा ठिपका असतो त्यापेक्षा फुगून दिसतो. रंगद्रव्य टोचून अँजिओग्राफी केली तरी त्या फुगवट्यामुळे ४० टक्क्यांचा अडथळा ७० टक्क्यांचा वाटू शकतो. म्हातारपणी कॅल्शियम जास्त, म्हणून फसगतही जास्त. रंगद्रव्याने मूत्रपिंडावर ताण येऊ शकतो, म्हणून आधी रक्तातलं क्रिएटिनिन बघावं लागतं. साखरेची गोळी घेणाऱ्यांनी ते आधी सांगायलाच हवं.

छातीत खरंच दुखत असेल तर मात्र चित्र बदलतं. स्कॉटलंडमध्ये छातीत दुखण्याची तक्रार घेऊन आलेल्या ४,१४६ रुग्णांचा अभ्यास झाला. निम्म्यांना नेहमीच्या तपासण्यांबरोबर सीटी अँजिओग्राफी केली. पाच वर्षांत हृदयविकाराने मृत्यू किंवा हार्ट अटॅक यांचं प्रमाण त्यांच्यात २.३ टक्के राहिलं, बाकीच्यांत ३.९ टक्के. फरक कशाने पडला? फोटो बघून योग्य माणसाला योग्य औषध सुरू झालं, हे त्यातलं मोठं कारण धरतात. आणि अडथळा दिसला की स्टेंट टाकलाच पाहिजे हा आपल्याकडचा ठाम समज, त्याबद्दल २०२० साली 'इस्केमिया' नावाचा अभ्यास आला. ५,१७९ रुग्ण, त्यात भारतातलेही होते. तब्येत स्थिर असलेल्या रुग्णांत आधी औषधं देऊन बघणं आणि लगेच स्टेंट-बायपास करणं यांत आयुष्याच्या दृष्टीने फरक पडला नाही. छातीतलं दुखणं मात्र स्टेंट-बायपासने जास्त कमी झालं. अटॅक चालू असताना हा हिशेब लागू नाही, तेव्हा मिनिटाला किंमत असते.

आता खरा मुद्दा. काहीही त्रास नसलेल्या ज्येष्ठांना रांगेत उभं करून तपासावं का? डेन्मार्कमध्ये हे दोनदा करून बघितलं. ६५ ते ७४ वयाचे पुरुष घेतले. पहिल्या अभ्यासात सुमारे ५०,००० माणसं होती. बोलावलेल्यांना तीन साध्या तपासण्या: पोटातल्या महाधमनीची सोनोग्राफी, घोट्याचा दाब आणि बीपी. २०१७ साली निकाल आला, त्या गटात मृत्यू ७ टक्क्यांनी कमी. दुसऱ्यांदा त्यात सीटी, कॅल्शियम स्कोअर, रक्त असं बरंच वाढवलं. सुमारे ४६,६०० माणसं. २०२२ च्या निकालात पाच-साडेपाच वर्षांत बोलावलेल्या गटात १२.६ टक्के माणसं गेली, न बोलावलेल्यांत १३.१ टक्के. हा फरक योगायोगाचा नाही असं ठामपणे म्हणता येईना. बोलावलेल्यांपैकी १०० तले ६३ जणच आले हेही खरं, आपल्या सर्वसाधारण सभेपेक्षा ते बरंच आहे. माझ्यासारख्या माणसाने यातून घ्यायचं ते एवढंच की खर्च वाढवला तसा फायदा वाढला नाही. आणि वहिनी-मावशींनो, या दोन्ही अभ्यासांत बाई एकही नाही. 'सर्व ज्येष्ठांसाठी' असं पत्रात लिहिलंय, ते कोणत्या आधारावर हे केंद्राला विचारायला हवं.

याहून गमतीची गोष्ट ऐका. मशीन तेच, डॉपलर-सोनोग्राफीचं. ते पोटावर ठेवून महाधमनी फुगली आहे का बघा, असं इंग्लंड ६५ वर्षांच्या प्रत्येक पुरुषाला पत्र पाठवून सांगतं. अमेरिकेतला तज्ज्ञ गट ६५ ते ७५ मधल्या, आयुष्यात कधीही धूम्रपान केलेल्या पुरुषांना एकदा ही तपासणी सुचवतो. ३ सेंटिमीटर किंवा जास्त म्हणजे फुगलेली, साडेपाचला शस्त्रक्रियेचा विचार. आणि तोच गट २०२१ साली पुन्हा सांगतो की काही त्रास नसलेल्या माणसाच्या मानेवर हे मशीन ठेवू नका. कारण मानेत काहीतरी दिसतं, मग पुढच्या तपासण्या, मग शस्त्रक्रिया, आणि त्या शस्त्रक्रियेतच काही जणांना पक्षाघात होतो. आपल्या पॅकेजात काय आहे? मान आहे. पोट नाही.

पण घोटाळा नको. कोणाचं तोंड वाकडं झालं, एक हात लुळा पडला, बोलणं अडखळलं, एका डोळ्यापुढे पडदा आला आणि दहा मिनिटांत सगळं ठीक झालं, तर ते 'गॅसचं' नाही. त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं. तिथे मानेची डॉपलर ही चैन राहत नाही, पहिल्या गरजांपैकी एक होते.

काही सभासदांचं म्हणणं, केंद्रात जायचं कशाला, मशीनच क्लब हाउसमध्ये आणू. ते जमणार नाही, आणि का जमणार नाही हे महाराष्ट्रातल्या माणसाला माहीत असायला हवं. गर्भलिंग तपासणीविरुद्ध देशातला पहिला कायदा महाराष्ट्राने १९८८ साली केला. केंद्राचा १९९४ चा. त्यानुसार सोनोग्राफीचं प्रत्येक मशीन नोंदवावं लागतं आणि नोंदलेल्या जागीच चालवावं लागतं. २०१२ साली नियमांत भर पडली: हातात नेता येणारं मशीन रुग्णालयाच्या आवारात भरती रुग्णांसाठी, नाहीतर इतर सेवाही देणाऱ्या फिरत्या वैद्यकीय पथकात, एवढ्या दोनच ठिकाणी. ज्या मशीनला मानेतली धमनी दिसते त्यालाच पोटातली मुलगीही दिसते, हे त्याचं कारण. आमच्या सत्तरीच्या मानेला हा नियम कशाला, असं एक जण म्हणाले. राज्यात दर हजार मुलांमागे मुली २००१ साली ९१३ होत्या, २०११ साली ८९४ झाल्या. बँकेच्या तिजोरीला दोन किल्ल्या दोन माणसांकडे असतात. रोज चोरी होते म्हणून नाही, पण त्याबद्दल कोणी कॅशियर कुरकुरत नाही. मी या नियमाच्या बाजूचा आहे. त्याची किंमत मात्र लोहगडवाडीच्या म्हाताऱ्यांना मोजावी लागते. डॉपलर करायची तर डोंगर उतरून शहरातच जायला हवं. म्हणून इथे येणाऱ्या नर्सबाईंनी पावलाची नाडी बघणं इथे जास्त मोलाचं.

पैशाचं थोडं सांगतो. ७० वर्षांवरच्यांना उत्पन्नाची अट न ठेवता ५ लाखांचं आयुष्मान वय वंदना कार्ड २०२४ च्या ऑक्टोबरपासून मिळतं. ज्यांनी काढलं नाही त्यांनी काढावं. पण ते भरती झाल्यावर चालतं. भरतीच्या आधीचे तीन दिवस त्यात धरतात. हौसेने केलेला स्कॅन त्यात बसत नाही. आम्हा बँक पेन्शनरांचा समूह विमा आहे, त्याचा हप्ता आम्हीच भरतो आणि तो दरवर्षी कसा चढतो यावर वेगळं भाषण करता येईल. ते टाळतो.

तर माझी उपसूचना अशी. निधीतून पॅकेजला पैसे देऊ नयेत. त्याऐवजी एका रविवारी दोन डॉक्टर बोलावावेत. बीपी दोन्ही दंडांवर घ्यावं. प्रत्येकाचे मोजे काढून दोन्ही पावलांची नाडी बघावी. ज्यांना साखर आहे, ज्यांनी तंबाखू-बिडी-सिगारेट ओढली आहे किंवा ज्यांची पोटरी चालताना धरते, त्यांचा घोट्याचा दाब मोजावा. त्यात ज्यांचं काही निघेल त्यांनी डॉक्टरांच्या चिठ्ठीने डॉपलर करावी, आणि ज्यांना परवडत नसेल त्यांचा पूर्ण खर्च, निम्मा नव्हे, निधीने उचलावा. पूर्वी धूम्रपान केलेल्या, ६५ च्या पुढच्या पुरुषांनी पोटाच्या महाधमनीबद्दल डॉक्टरांना विचारावं. उरलेल्या पैशातून दोन कामं: बी इमारतीच्या लिफ्टमध्ये मावेल अशी चाकाची खुर्ची, आणि वॉचमनच्या टेबलावर १०८ नंबर मोठ्या अक्षरात, सोबत गेटपासून प्रत्येक जिन्यापर्यंतचा नकाशा. गेल्या वर्षी रुग्णवाहिका आली होती, पण ए आणि सी इमारतींच्या मध्ये ती सात मिनिटं फिरत राहिली. ती सात मिनिटं कुठल्याच स्कॅनने परत मिळणार नव्हती.

(भाषणानंतर प्रश्न आले, त्यांतला एक इथे देत आहे. सी इमारतीतल्या एका वहिनींनी विचारले, "आमच्या ह्यांनी मागच्या वर्षी स्वतःच पैसे भरून स्कॅन केला. स्कोअर २१० आला. आता ते चढ चढत नाहीत, आज गडावरही आले नाहीत, खालीच बसलेत. काय करावं?")

वहिनी, त्यांना छातीत दुखतं का, दम लागतो का, हे आधी विचारा. पुरुष माणसं बायकोला सांगत नाहीत, म्हणून डॉक्टरांसमोर विचारा. लागत असेल तर उद्याच दाखवा, आणि तोवर ते खाली बसले हे योग्यच केलं. काहीच होत नसेल, तर २१० हा आकडा गोळी नियमित घ्या, बीपी-साखर ताब्यात ठेवा, तंबाखू सोडा एवढं सांगतो. चालू नका असं तो सांगत नाही. किती चालायचं ते डॉक्टर ठरवतील, गरज पडली तर पट्ट्यावर चालवून ईसीजी काढतील. तो रिपोर्ट आणि सीडी मात्र टाकू नका, पुढे कधी काही झालं तर जुन्या फोटोशी ताडून बघता येतं. आणि रविवारी त्यांना मोजे न घालता पाठवा.